शिकारीचा परवाना व शिकाऱ्याचें ज्ञान : सालेकसा येथील रानाच्या निमित्तानें

(१)

जुन्या घराण्यांचीं दप्तरें पाहावयास बसलें म्हणजे सनदा, महजर, वतनपत्रें व हिशेब यांकडे संशोधकाचें लक्ष प्रथम जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच रुमालांच्या तळाशीं इंग्रजी अमदानींतले कांहीं छापील कागदहि असतात. नमुना सरकारी, मधल्या मोकळ्या जागा शाईनें भरलेल्या, पाठीवर मुदतवाढीचे शेरे व शिक्के, आणि घड्यांवर झिजून फाटावयास आलेले. बंदुकीचा परवाना व शिकारीचा परवाना हे या वर्गांतले कागद होत. सनद पेटींत राहाते. परवाना खिशांत राहातो. घड्यांवरची झीज हीच त्याची पहिली नोंद होय. कारण तो जवळ बाळगण्यासाठीं व मागतांच दाखविण्यासाठीं दिलेला असे.

प्रस्तुत लेखांत या कागदास एकच प्रश्न विचारावयाचा आहे. हा कागद नेमकी कशाची साक्ष देतो? धारण करणाऱ्याच्या हक्काची, कीं त्याच्या अंगच्या ज्ञानाची? भरलेली बंदूक कशी न्यावी, हाकाऱ्याच्या वेळीं कोणत्या दिशेस गोळी सोडूं नये, जखमी जनावराच्या मागें केव्हां जावें, हें ज्यास ठाऊक आहे त्यासच रानांत सशस्त्र जाऊं द्यावें, ही अपेक्षा अगदीं साधी आहे. तरी ती कायद्याच्या कागदावर उतरावयास आपल्याकडे फार काळ लागला. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, इ. स. १८७८ पासून इ. स. २०१६ पर्यंत सरकारी कागदानें शिकाऱ्याची ओळख व विश्वासार्हता पाहिली, त्याचें ज्ञान पाहिलें नाहीं. आणि ज्ञानाचा दाखला मागण्याचा नियम झाला तेव्हां शिकार बंद होऊन गेली होती. ज्यांच्याजवळ ज्ञान होतें त्यांच्याजवळ कागद नव्हता. ही उलटापालट ध्यानांत घेतल्यावांचून परवान्यांचे कागद नीट वाचतां येणार नाहींत.

(२)

सालेकसा हें हल्लीं गोंदिया जिल्ह्यांतील तालुक्याचें ठाणें आहे. गोंदिया जिल्हा ता. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. म्हणून या प्रदेशाचे त्यापूर्वींचे कागद भंडाऱ्याच्या नांवानें शोधावे लागतात. तालुक्याच्या एका अंगास मध्यप्रदेशचा बालाघाट जिल्हा व दुसऱ्या अंगास छत्तीसगड आहे. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारा लोहमार्ग सालेकसा व दरेकसा या स्थानकांवरून डोंगरांत शिरतो. दरेकशाजवळ हाजरा धबधबा आहे, आणि तेथून जवळच कचारगडची गुहा. माघी पौर्णिमेस गोंड लोक आपल्या आद्य पुरुषांच्या स्मरणार्थ तेथें दूरदूरच्या प्रांतांतून जमतात. मराठीची झाडी बोली, पोवारी, गोंडी व छत्तीसगडी या सर्व या टापूंत ऐकूं येतात.

नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे आला व इ. स. १८६१ सालीं स्थापन झालेल्या मध्यप्रांतांत मोडूं लागला. नागपूर-छत्तीसगड रेल्वे इ. स. १८८२ च्या सुमारास राजनांदगांवपर्यंत पोंचली व पुढें बंगाल-नागपूर रेल्वेंत सामील झाली. रेल्वेनें हें रान नागपुरास जवळ आणलें. शिकारीचा शोक करणारा पाहुणा बैलगाडीचे कित्येक दिवस वांचवून थेट डोंगराच्या पायथ्याशीं उतरूं लागला.

भंडारा जिल्ह्याच्या या पूर्व भागांत जमीनदाऱ्या पुष्कळ होत्या. कामठा व आमगांव हीं त्यांतलीं प्रसिद्ध नांवें. त्यामुळें येथें रान दोन प्रकारचें झालें. एक सरकारचें राखीव, दुसरें जमीनदाराच्या मालकीचें. राखीव रानांत शिरावयास जंगलखात्याचा कागद लागे. जमीनदाराच्या रानांत त्याची अनुज्ञा पुरे. परंतु बंदूक खांद्यावर घेतली कीं दोन्हीकडे हत्यारांचा परवाना लागे. एकाच शिकाऱ्याजवळ दोन निरनिराळे कागद असण्याचें कारण हेंच. मध्यप्रदेश सरकारच्या इ. स. १९५० च्या कायद्यान्वयें ता. ३१ मार्च १९५१ पासून जमीनदारी व मालगुजारी हक्क संपले आणि तीं रानेंहि सरकारजमा झालीं.

(३)

रानांत जाणाऱ्यानें जवळ खूण बाळगावी ही कल्पना इंग्रजांची नव्हे. म्हैसूर येथें शामशास्त्री यांस उपलब्ध झालेलें व इ. स. १९०९ सालीं छापलेलें कौटिलीय अर्थशास्त्र पाहिलें, तर त्यांत मुद्राध्यक्ष म्हणून एक अधिकारीच सांगितला आहे. एक माषक घेऊन त्यानें मुद्रा द्यावी, मुद्रा असेल त्यानेंच जनपदांत यावें-जावें, आणि मुद्रेवांचून फिरणाऱ्या देशवासीयास बारा पण दंड व्हावा, असा तेथील आशय आहे. ती मुद्रा तपासण्याचें काम कुरणांच्या अध्यक्षाकडे, म्हणजे विवीताध्यक्षाकडे, दिलें आहे. आणि त्याच प्रकरणांत व्याध व कुत्रीं बाळगणारे शिकारी यांनीं अरण्यांतून फिरतें राहावें व चोर अगर शत्रु दिसल्यास इशारा द्यावा असें सांगितलें आहे. म्हणजे पारध्याचें रानाचें ज्ञान राज्याच्या उपयोगी पडे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची मुद्रा पाहिली जाई. याच ग्रंथांत सूनाध्यक्षाच्या प्रकरणीं अभय दिलेल्या पशुपक्ष्यांस मारणारास जबर दंड सांगितला आहे.

दुसऱ्या बाजूस ज्ञानाचा ग्रंथ पाहावयाचा तर चालुक्य राजा सोमेश्वर याचा मानसोल्लास आहे. तो शके १०५१ चा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य मालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याचें संपादन केलें. त्यांत मृगया हा राजाच्या विनोदांपैकीं एक विनोद मानून हरणें धरण्यामारण्याच्या अनेक रीती वर्णिल्या आहेत. येथें शिकारीची विद्या आहे, पण परवाना नाहीं; अर्थशास्त्रांत मुद्रा आहे, पण ती विद्येची साक्ष नव्हे. पुढें मराठेशाहींत शिकारखाना हें दरबारच्या कारखान्यांपैकीं एक खातें होतें, आणि वाटेनें जाणारास दस्तक व राहदारी लागत असे. दस्तक जवळ असणें म्हणजे अडथळा न होणें. धारण करणाऱ्याच्या अंगीं काय गुण आहे याच्याशीं त्याचा संबंध नसे. 'परवाना' हा फारसी शब्द मराठींत रुळला तो या अर्थानें. इंग्रजी अमदानींत तोच शब्द नव्या छापील कागदास चिकटला आणि त्याबरोबर जुना अर्थहि आला.

(४)

सन सत्तावन्नच्या उठावानंतर इ. स. १८५७ चा अठ्ठाविसावा व इ. स. १८६० चा एकतिसावा असे हत्यारांसंबंधीं दोन कायदे झाले. त्यांची जागा लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत इ. स. १८७८ च्या अकराव्या कायद्यानें घेतली. हाच पुढें ऐंशींहून अधिक वर्षें चाललेला हत्यारांचा कायदा. त्याच्या तेराव्या कलमानें परवान्यावांचून सशस्त्र फिरण्यास व चवदाव्या कलमानें परवान्यावांचून बंदूक बाळगण्यास मनाई झाली. परवान्यावांचून सशस्त्र फिरणाऱ्याचें हत्यार मॅजिस्ट्रेटानें अगर पोलिसानें काढून घ्यावें अशी तरतूद होती, आणि अशा सशस्त्र फिरण्याबद्दल शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची होती.

या कायद्यांतील हत्यारांची व्याख्या संशोधकांनीं मुद्दाम पाहावी. तींत बंदुका, संगिनी, तरवारी, जंबिये व भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणहि घातलेले आहेत. गोंडांच्या घरांत जें साधन विळ्या-कुऱ्हाडीसारखें पिढीजात, तें व्याख्येनें तोफेच्या पंक्तीस नेऊन बसविलें. प्रत्यक्षांत सूट देण्याचा अधिकार सरकारनें सत्ताविसाव्या कलमानें आपल्याकडे ठेवला होता. ती सूट देतांनाहि भेद झाला. युरोपियनांस व कांहीं मानकऱ्यांस सवलत, इतरांस परवाना. इ. स. १८८७ सालीं मद्रास येथील राष्ट्रीय सभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केला. नियमांतील वांशिक भेद इ. स. १९२० च्या सुमारास काढून टाकण्यांत आला.

आतां परवान्याच्या नमुन्याकडे वळूं. त्यांत धारकाचें नांव, वर्णन व राहाण्याचें ठिकाण, हत्याराचें वर्णन, दारूगोळ्याचें परिमाण, परवाना कोणत्या टापूंत चालेल तो टापू, हेतु, आणि मुदत एवढ्या गोष्टी भरावयाच्या असत. हेतूच्या जागीं शिकार, संरक्षण किंवा शोभा असें लिहिलें जाई. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी, म्हणजे मध्यप्रांतांत डेप्युटी कमिशनर, चौकशी करून तो देई. चौकशी कशाची? मनुष्य इभ्रतदार आहे कीं नाहीं, त्याच्यावर गुन्हा आहे काय, त्याच्यापासून राज्यास भय आहे काय, याची. त्यास बंदूक भरतां येते काय, हा प्रश्न नमुन्यांत नव्हता. हा कायदा राज्याच्या सुरक्षिततेचा होता, शिकाऱ्याच्या नव्हे. म्हणून त्यानें जें विचारलें तें त्याच्या दृष्टीनें पुरेसेंच होतें.

(५)

दुसरा कागद जंगलखात्याचा. इ. स. १८७८ च्याच जंगल कायद्यानें राखीव रानांत नियमांविरुद्ध शिकार करणें, मासे मारणें, पाण्यांत विष घालणें व सांपळे लावणें हे गुन्हे ठरविले, इ. स. १९२७ च्या कायद्यांत तेंच पुढें चाललें. मध्यप्रांतांत राखीव रानांचे गट पाडून शिकारीसाठीं गटवार परवाने देण्याची पद्धत पडली. परवान्यांत गटाचें नांव, मुदत, फी, आणि कोणत्या जातीचीं किती जनावरें मारावयाचीं हें असे. रानांत असतांना परवाना जवळ ठेवावा व जंगलखात्याच्या नोकरानें मागतां दाखवावा, ही त्यांतली मुख्य शिस्त.

इ. स. १९१२ चा आठवा कायदा रानपक्षी व पशु यांच्या संरक्षणाचा. त्यानें विणीच्या दिवसांत शिकार बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. त्याच्या परिशिष्टांत हरणें, गवे, रानम्हशी, ससे वगैरेंचीं नांवें आहेत, वाघाचें नाहीं. वाघ त्या काळीं रक्षणाचा विषय नसून मारल्याबद्दल बक्षीस मिळण्याचा विषय होता. पुढें इ. स. १९३५ सालीं मध्यप्रांताचा स्वतःचा शिकारीचा कायदा झाला. या सर्व नियमांनीं जनावरांची संख्या मोजली, महिने मोजले, फी मोजली. शिकाऱ्याची पारख मात्र कोणींच केली नाहीं. फी भरली कीं काल बंदूक विकत घेतलेला व जन्मभर रानांत वावरलेला हे दोघे कागदापुढें सारखेच.

(६)

तरीहि रानांत अपघात रोज होत नसत, याचें श्रेय कागदास नाहीं. तें गांवच्या शिकाऱ्यास आहे. सालेकसा-दरेकशाच्या टापूंत ठासणीच्या बंदुकीस भरमार म्हणतात. ही बंदूक तोंडाकडून भरावयाची. दारू किती ओतावी, गजानें किती ठासावी, छर्रे कीं गोळी, टोपी केव्हां चढवावी, याचें माप हातासच ठाऊक. दारू जास्त झाली तर नळी फुटते. टोपी चढवून झुडपांतून चाललें आणि घोडा फांदीस अडकला, तर पुढें चालणाऱ्याच्या पाठींत गोळी जाते. म्हणून टोपी मचाणावर बसल्यानंतरच चढवावी, हा नियम बापानें मुलास सांगावयाचा.

हाकाऱ्याची शिस्त याहून कडक. हाकेकरी ओळ धरून ओरडत पुढें येतात, तेव्हां मचाणावरच्यानें त्या ओळीच्या दिशेस गोळी सोडूं नये. झुडूप हाललें म्हणून सोडूं नये, जनावर पुरतें दिसल्यावरच सोडावी. हाकारा संपेपर्यंत मचाणावरून उतरूं नये. जखमी वाघाच्या किंवा डुकराच्या मागें लागलीच जाऊं नये. यांतील एकेका नियमामागें कोणाचा तरी जीव गेलेला असतो. ही शाळा होती, तिचा अभ्यासक्रम होता, परीक्षाहि होती. फक्त तिचें प्रशस्तिपत्र नव्हतें. पोरगा प्रथम हाकेकरी, मग मागकाढ्या, मग कोणाचा तरी बंदूक वाहणारा, आणि पंचांस भरवसा आला तर बंदूक चालविणारा होई.

सरकारी कागदांत हा मनुष्य एकाच ठिकाणीं येतो. परवान्यांत धारकाच्या हत्यारबंद नोकरांची नांवें लिहिण्याची सोय असे. त्या रकान्यांत, मालकाच्या नांवाखालीं, त्याचें नांव सांपडतें. साहेबलोकांच्या ग्रंथांची गोष्ट फारशी वेगळी नाहीं. फोर्साइथ यांचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ इ. स. १८७१ चा, स्टर्नडेल यांचा सातपुड्यांतील छावणीवरील ग्रंथ इ. स. १८७७ चा, आणि मध्यप्रांताचे जंगल अधिकारी डनबार ब्रँडर यांचा वन्य पशूंवरील ग्रंथ इ. स. १९२३ चा. रानाची माहिती या ग्रंथांत विपुल आहे. ती ज्यांच्या डोळ्यांनीं मिळाली ते वाटाडे पडद्याआड आहेत. परवाना साहेबाचा, माग गोंडाचा, अशी ती वांटणी होती.

(७)

ज्ञानाची परीक्षा घेऊन मगच शिकारीचा कागद द्यावा, ही रीत युरोपांत जर्मनीनें आधीं पक्की केली. तेथें इ. स. १९३४ च्या कायद्यानें शिकाऱ्याची परीक्षा साऱ्या देशास लागू झाली, आणि परीक्षेवांचून शिकारपत्र नाहीं असें ठरलें. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानानें इ. स. १९४९ सालीं तरुण शिकाऱ्यांस बंदुकीच्या सुरक्षिततेचें शिक्षण सक्तीचें केलें. मागाहून इतर संस्थानांनींहि तोच मार्ग धरला, व शिक्षण झाल्याचा दाखला दाखविल्यावांचून तेथें परवाना मिळेनासा झाला. त्या देशांत शेतकऱ्याचा मुलगाहि शिकारी असल्यामुळें धोका सर्वांचा होता व शिक्षणहि सर्वांस द्यावें लागलें. आपल्याकडे परवाना मूठभरांचा. शिकविण्याचें काम गांवानें फुकट केलें, म्हणून सरकारास तें करावेंसें वाटलें नाहीं.

(८)

स्वराज्य आल्यानंतर जुन्या कायद्याच्या जागीं इ. स. १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व ता. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलांत आला. त्याच्या तेराव्या कलमांत, खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठीं ठासणीची बंदूक आणि संरक्षण वा शिकार यांसाठीं वीस इंचांहून आंखूड नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक, अशी सोय केलेली आहे. भरमारीचा उल्लेख संसदेच्या कायद्यांत या रूपानें झाला. एकोणिसाव्या कलमानें हत्यार नेणाऱ्याकडे परवाना मागण्याचा अधिकार पोलिसांस स्पष्ट शब्दांत दिला.

शिकारीवर मात्र संध्याकाळ येत चालली होती. इ. स. १९७० सालीं वाघाच्या शिकारीस देशभर बंदी झाली, आणि त्याच वर्षीं तेव्हांच्या भंडारा जिल्ह्यांत नागझिरा अभयारण्य झालें. इ. स. १९७५ सालीं नवेगांव राष्ट्रीय उद्यान झालें, इ. स. २०१३ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. मध्यंतरीं इ. स. १९७२ चा वन्य जीव संरक्षण अधिनियम आला. मूळ कायद्यांत शिकार सर्वस्वीं बंद नव्हती. विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार व सांपळ्यानें धरणें असे चार प्रकारचे परवाने त्यांत होते, आणि मारलेल्या जनावरांची नोंद ठेवण्याचें बंधनहि परवानेदारावर होतें. इ. स. १९९१ च्या दुरुस्तीनें हे परवाने नाहींसे झाले. चवतिसावें कलम राहिलें. अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आंत राहाणाऱ्या शस्त्रपरवानाधारकानें आपली नोंद करविली पाहिजे, आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवांचून द्यावयाचा नाहीं. आतां पिकाचा नाश करणाऱ्या डुकरास मारावयाचें तरी अकराव्या कलमाखालीं अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो.

आणि मग इ. स. २०१६ चे शस्त्र नियम आले. त्यांच्या दहाव्या नियमानें परवाना मागणारास शस्त्र व दारूगोळा यांच्या सुरक्षित वापराचें शिक्षण घेण्याचें सांगितलें. हत्यार कसें धरावें, कसें न्यावें, कसें ठेवावें, कसें चालवावें, याचें शिक्षण झाल्याचा ठराविक नमुन्यांतील दाखला त्यासाठीं नेमला. गांवचा म्हातारा टोपी चढविण्याविषयीं जें सांगत असे तेंच शेवटीं सरकारी नमुन्यांत उतरलें. पण तोंपर्यंत शिकार संपून पंचवीस वर्षें झालीं होतीं. हक्काचा कागद व ज्ञानाचा कागद यांची गांठ पडली ती शिकाऱ्याच्या पश्चात्.

शिकार बंद झाली हें वाईट झालें असें येथें सुचवावयाचें नाहीं. उरलेल्या वाघांचें व गव्यांचें रक्षण त्यावांचून झालें नसतें. मुद्दा ऐतिहासिक पुराव्याचा आहे. परवान्यांवरून शिकारीचा इतिहास लिहावयास बसलें तर तो धनिकांचा, अधिकाऱ्यांचा व पाहुण्यांचा इतिहास होईल. कारण कागद त्यांचाच होता.

(९)

म्हणून संग्राहकांस विनंती आहे कीं, गोंदिया, भंडारा व बालाघाट या भागांत दप्तरें पाहातांना असे कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत, आणि मिळालेल्या कागदावरून पुढील गोष्टी टिपून ठेवाव्या. परवाना कोणत्या अधिकाऱ्यानें व कोठून दिला. हत्यार ठासणीचें कीं काडतुसी. हेतूच्या जागीं शिकार लिहिली आहे कीं पीकरक्षण. टापू सरकारी गटाचा कीं सबंध जिल्ह्याचा. नोकरांच्या रकान्यांत कोणाचीं नांवें आहेत. आणि पाठीवरचे शेरे कोणत्या वर्षीं थांबतात. हा शेवटचा शेरा विशेष महत्त्वाचा. १९५१, १९७२ व १९९१ या सालांशीं तो ताडून पाहावा. हयात व्यक्तींचीं नांवें असल्यास तीं छापूं नयेत, टिपणांत मात्र राखावीं.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. इ. स. १९७२ सालीं जो विशीचा होता तो आज सत्तरी ओलांडून गेला. माग ओळखण्याचे गोंडी व झाडी बोलींतले शब्द, हाकाऱ्याच्या खुणा, भरमारीचें माप, आणि कोणत्या चुकीनें कोण कसा जायबंदी झाला त्या हकीकती, या सर्व त्याच्या तोंडीं आहेत. त्यांची प्रत दुसरीकडे कोठेंहि नाहीं. नोकरांच्या रकान्यांतील नांव वाचून त्या माणसाच्या घरीं जावें, त्याचा मुलगा किंवा नातू काय सांगतो तें त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावें, व तें टिपण त्या परवान्यास जोडून ठेवावें. हक्काचा कागद आणि ज्ञानाची साक्ष यांस कायद्यानें इतकीं वर्षें वेगळें ठेविलें. निदान संशोधकाच्या रुमालांत तरी तीं एकत्र बांधलीं जावींत.